वॉर्म टॉर्च हिरवट दिसतोय? उघडण्याआधी हे क्रमाने बघा

लक्षणं आधी सांगतो, ह्यातलं काही जुळत असेल तर पुढे वाचा.

एकाच मॉडेलचे दोन टॉर्च, दोन्हींवर ३००० केल्विन लिहिलेलं, पण बाजूबाजूला भिंतीवर मारले की एक समईच्या उजेडासारखा आणि दुसरा कच्च्या कैरीच्या सालीसारखा. माझ्याकडे सगळ्यात जास्त हेच येतं. दुसरं, हायवर उजेड मस्त, पण लो केला की हिरवट पडतो. तिसरं, मधला गोळा एका रंगाचा, त्याच्या भोवती पिवळट-हिरवं कडं आणि बाहेरचा पसारा निळसर. चौथं, नवीन होता तेव्हा ठीक होता, आता काही महिन्यांनी मळकट तपकिरी झालाय आणि उजेडही कमी पडतोय. पाचवं म्हणजे चार एलईडीवाला टॉर्च, लांबून एकच रंग पण हातभर अंतरावरून कागदावर मारला तर वेगवेगळ्या रंगाचे डाग. आणि कधीकधी उलटं, उजेड गुलाबी पडतो, पातळ सोलकढीसारखा, पण त्याची तक्रार घेऊन फारसं कोणी येत नाही कारण त्यात माणसांचे चेहरे बरे दिसतात.

मी ऐरोलीला राहतो, आमचा ट्रेकचा ग्रुप ठाणे-मुलुंड-ऐरोली असा पसरलेला आहे आणि गेल्या काही वर्षांत ग्रुपमधल्या बहुतेकांनी पांढरेफटक ६५०० केल्विनचे टॉर्च सोडून वॉर्म, म्हणजे पिवळसर उजेडाचे घेतले. त्यामुळे हा एकच प्रॉब्लेम माझ्याकडे परत परत येतो, पावसाळ्याच्या तोंडावर तर हमखास, कारण तेव्हा सगळे सॅक बाहेर काढतात आणि टॉर्च एकमेकांशी लावून बघतात. वीसेक टॉर्च तरी हाताखालून गेले असतील. त्यातले अर्ध्याहून जास्त मला उघडावेच लागले नाहीत, म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. बॉक्सवरचा केल्विनचा आकडा फक्त एक दिशा सांगतो, मेणबत्तीसारखा केशरी (साधारण १९००) ते ढगाळ दुपारसारखा निळसर (६५०० च्या आसपास). पण रंगाला अजून एक दिशा असते, हिरव्याकडून गुलाबीकडे, आणि त्या दिशेबद्दल केल्विन काहीच बोलत नाही. तापलेला लोखंडाचा गोळा लाल, मग केशरी, मग पिवळा, मग पांढरा होत जातो तशी रंगाची एक रेघ कल्पा. तुमचा उजेड त्या रेघेच्या वर गेला की हिरवट, खाली गेला की गुलाबी. हे अंतर मोजायच्या आकड्याला डीयूव्ही म्हणतात, प्लस म्हणजे हिरवा, मायनस म्हणजे गुलाबी.

आता कंपनी फसवते का, तर बहुतेक वेळा नाही. पांढऱ्या एलईडीसाठी जे अमेरिकन एएनएसआय स्टँडर्ड वापरलं जातं त्यात ३००० केल्विन म्हणजे २८७० ते ३२२० पर्यंत काहीही चालतं, आणि डीयूव्ही दोन्ही बाजूंना साधारण ०.००६ पर्यंत चालतो. म्हणजे प्लस ०.००६ वाला स्पष्ट हिरवट एलईडी आणि मायनस ०.००६ वाला स्पष्ट गुलाबी एलईडी, दोघंही कायदेशीर ३०००. एलईडी बनवताना निळी चिप करतात, तिच्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा रंग बदलणारी पावडर) आणि वॉर्म असेल तर सोबत लाल फॉस्फर घालतात, आता हा थर कुठे केसभर जाड कुठे केसभर पातळ होणारच, म्हणून तयार झाल्यावर प्रत्येक एलईडी मोजून रंगाप्रमाणे वेगवेगळ्या गटात टाकतात, त्याला बिन म्हणतात. टॉर्चवाल्याने कुठला बिन घेतला हे बॉक्सवर क्वचितच असतं. म्हणून सहा महिन्यांनी तोच टॉर्च परत मागवला तर उजेड जुळेलच असं नाही.

आणि सीआरआय ९० किंवा ९५ लिहिलंय म्हणून टिंट, म्हणजे उजेडाची झाक, चांगला असणार हेही डोक्यातून काढा. सीआरआय म्हणजे आठ फिकट रंगांच्या नमुन्यांवर काढलेली सरासरी, रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. झाक हिरवी आहे की गुलाबी हा वेगळा प्रश्न. ९५ सीआरआयचा हिरवट एलईडी असतो, मी बघितलाय. गडद लाल रंग कसा दिसतो तो आकडा म्हणजे आर-९, तो त्या सरासरीत धरतच नाहीत, म्हणून माणसाची कातडी, रक्त, टोमॅटो ह्यांच्यासाठी तो वेगळा विचारायचा.

आता तपासणी. फुकटची आधी.

पहिली तपासणी डोळ्यांची आणि भिंतीची, आणि ही लोक हमखास गाळतात. आपल्या घरात बहुतेक ठिकाणी ६५०० ची पांढरी ट्यूब असते. तिच्या उजेडात तासभर बसून लगेच वॉर्म टॉर्च लावला तर तो घाणेरडा पिवळाच दिसणार, कारण डोळ्यांनी ट्यूबला पांढरं मानलेलं असतं. ट्यूब बंद करा, त्या टॉर्चच्याच उजेडात दोन-चार मिनिटं बसा, मग बघा. दुसरं भिंत. आमच्या हॉलची भिंत आम्ही ऑफ-व्हाइट म्हणतो पण त्यात पिवळा-हिरवा अंश आहे, तिच्यावर मारलेला प्रत्येक टॉर्च आजारी दिसतो. साधा पांढरा झेरॉक्सचा कागद घ्या, दोन्ही टॉर्चना तोच कागद, तेच अंतर.

मारताना दोन्ही एकदम लावा, गोळे एकमेकांपासून वीतभर लांब ठेवा, मग हात अदलाबदल करा. अदलाबदल का, तर खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड एका बाजूला जास्त येतो आणि आपण दोष टॉर्चला देतो. माझ्या मावसभावाचा टॉर्च असाच 'हिरवा' होता, घणसोलीला त्याच्या गॅलरीत बघितला तर खाली सोसायटीने हिरवी शेडनेट लावलेली, सगळा उजेड तिच्यावरून उसळून वर येत होता. आत खोलीत नेला, दार लावलं, टॉर्च एकदम नॉर्मल.

आणि फोटोवरून ठरवू नका. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोला व्हाइट बॅलन्स स्वतःच बदलतो, दोन टॉर्चचे दोन वेगळे फोटो काढले तर तुलना शून्य. दोघांचे गोळे एकाच फोटोत घ्या, किंवा प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर लॉक करा आणि मगच दोन फोटो काढा.

ह्या पायरीवर एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. दुसरा टॉर्च शेजारी नसताना, एकटा वापरताना, तुम्हाला हिरवा रंग जाणवला होता का? नसेल तर इथेच थांबा. बाजूला ठेवल्यावर डोळ्याला फार बारीक फरकसुद्धा कळतो. १९४२ मध्ये मॅकॅडम नावाच्या शास्त्रज्ञाने एका माणसाकडून हजारो वेळा रंग जुळवून घेऊन हेच मोजलं होतं, आणि अजूनही एलईडीचा रंगफरक त्याच्याच नावाच्या स्टेपमध्ये सांगतात. तीन स्टेपच्या आतला फरक बहुतेकांना लक्षात येत नाही, आणि वर सांगितलेली एएनएसआयची मर्यादा जवळजवळ सात स्टेपची आहे. म्हणजे फरक दिसणार हे गृहीतच आहे, तुम्हाला त्रास होतोय का एवढंच ठरवायचं.

पण ज्याला खरंच त्रास होतो त्याला 'उजेड पडतोय ना, मग झालं' असं सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आई टॉर्चला बॅटरीच म्हणते, एकदा लाइट गेली तेव्हा ओट्यावर माझा हिरवट टॉर्च लावून दिला होता, तर ती म्हणाली, "अरे, ह्या बॅटरीत भाजी शिळी दिसतेय, दुसरी आण." मी दुसरा आणून दिला, तर म्हणे, "आता बघ, कोथिंबीर कोथिंबिरीसारखी दिसतेय." तिला डीयूव्ही माहीत नाही, पण जे दिसलं ते बरोबर होतं. माहुलीच्या पायथ्याला रात्री एकाच्या पायावरची लाली नुसती खरचटल्याची आहे की पुरळ उठतंय हे बघायचं होतं, हिरवट उजेडात लाल रंग मरतो, काही कळेना. तेव्हापासून फर्स्ट एडच्या पाउचमध्ये मी चांगल्या टिंटचाच टॉर्च ठेवतो.

दुसरी तपासणी मोडची, हीसुद्धा फुकट. टॉर्च हायवर बघा, मग मिडियम, मग लो. लो वर हिरवा आणि हाय वर ठीक असेल तर एलईडी खराब नाही, तो तसाच वागतो. निळ्या चिपला करंट कमी दिला की तिच्या निळ्या रंगाची तरंगलांबी जराशी लांब होते, आणि एकूण उजेड हिरव्याकडे सरकतो. करंट वाढवला की परत खाली येतो. काही एलईडींमध्ये हे फार ठळक असतं, काहींमध्ये कळतही नाही. शिवाय मिट्ट काळोखात अगदी मंद उजेडात आपले डोळेच लाल रंग कमी बघायला लागतात, उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळ्या-हिरव्याला सगळ्यात जास्त ओळखतो, काळोखाला सरावला की ती जागा ५०७ कडे म्हणजे निळ्या-हिरव्याकडे सरकते. म्हणजे थोडा दोष टॉर्चचा आणि थोडा आपल्या डोळ्यांच्या रचनेचा.

इथे ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या आतल्या सर्किटचा, प्रकारही कळतो. लो मोडवर टॉर्च मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, स्क्रीनवर सरकते पट्टे दिसले तर ड्रायव्हर पीडब्ल्यूएमवर चालतो, म्हणजे पूर्ण करंट देऊन सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतो. अशा टॉर्चचा रंग सगळ्या मोडला जवळजवळ सारखा राहतो, कारण चालू असतो तेव्हा करंट पूर्णच असतो. पट्टे नसतील तर बहुधा करंट खरोखर कमी केला जातोय, सेल जास्त टिकतो, डोळ्यांना त्रास नाही, पण लोवर टिंट सरकणार. दोन टॉर्च 'सेम' दिसत असले तरी वेगळ्या बॅचमध्ये ड्रायव्हर बदललेला असू शकतो, आणि मग लोवरचा फरक एलईडीचा नसून ड्रायव्हरचा असतो. म्हणून तुलना नेहमी हायवर करायची. उपाय म्हणाल तर एक मोड वर वापरा आणि छतावर उसळवा, एवढंच. ह्यासाठी टॉर्च उघडण्यात अर्थ नाही.

तिसरी, सेल आणि कॉन्टॅक्ट. खर्च म्हणाल तर इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. साध्या ड्रायव्हरच्या टॉर्चला सेल उतरला की हाय म्हणूनसुद्धा पूर्ण करंट मिळत नाही, आणि कमी करंट म्हणजे परत वरचीच गोष्ट. लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, दोन्ही टॉर्चमधले सेल मल्टिमीटरने मोजा, एक ४.१ आणि दुसरा ३.४ असेल तर ती तुलना बाद. सेल अदलाबदल करून बघा. हिरवेपणा सेलबरोबर दुसऱ्या टॉर्चमध्ये गेला तर गुन्हेगार सापडला.

मग टेलकॅप (मागचं झाकण) काढून आटे, स्प्रिंगचं टोक आणि बॉडीची कड पुसा. आपल्याकडे खाडीची हवा आहे, ऐरोली-कोपरखैरणे-वाशी पट्ट्यात पावसाळ्याभर कपाटात पडलेल्या टॉर्चच्या आट्यांवर काळा-पांढरा थर येतोच, तेवढ्याने व्होल्टेज पडतं. पुसल्यावर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब लावा, पण कडेच्या उघड्या धातूला नको, तिथूनच करंट जातो. सेलचं प्लास्टिक फाटलेलं दिसलं, कडेला डेंट असला किंवा सेल फुगलेला वाटला तर टिंटचा विषय बाजूला, तो सेल वापरायचा नाही, चार्जही करायचा नाही, ई-कचऱ्यात द्यायचा. ह्यात मी कोणाचं ऐकत नाही.

चौथी, काच. काचेवर बोटांचं तेल, सनस्क्रीन, ओडोमॉसचा हात लागलेला असतो, मऊ कापडाने बाहेरून पुसा. मग काच तिरकी धरून ट्यूबचं प्रतिबिंब बघा, हिरवं किंवा जांभळं दिसलं तर तिच्यावर कोटिंग आहे. जो रंग परावर्तित होतो तो तेवढा बाहेर जात नाही, म्हणून प्रतिबिंब जांभळं दिसणाऱ्या काचेतून आलेला उजेड किंचित हिरव्याकडे झुकतो आणि हिरवं प्रतिबिंब दिसणाऱ्या काचेचा किंचित गुलाबीकडे. फरक फार नसतो, पण काठावरच्या एलईडीला तेवढा पुरतो. दोन्ही टॉर्चची बेझल, म्हणजे काच धरून ठेवणारी पुढची रिंग, हाताने सुटत असेल तर काचा अदलाबदल करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. चिकटवलेली असेल तर जोर लावू नका.

तिसऱ्या लक्षणाबद्दल इथेच सांगतो, कडं एका रंगाचं आणि मधला गोळा दुसऱ्या रंगाचा. एलईडीतून सरळ समोर येणारा उजेड फॉस्फरमधून कमी अंतर कापतो, तिरका निघणारा जास्त, त्यामुळे तिरका उजेड पिवळा पडतो, आणि रिफ्लेक्टर (एलईडीभोवतीची चकचकीत वाटी) तो नेमका गोळ्याच्या काठाला आणून टाकतो. ज्या चिपमध्ये फॉस्फर चिपच्या बाहेर आजूबाजूलाही पसरलेला असतो तिथे हे जास्त दिसतं. गुळगुळीत रिफ्लेक्टरमध्ये जास्त, संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत रिफ्लेक्टरमध्ये कमी. उपाय एकदम स्वस्त, काचेवर डिफ्यूझर फिल्म (उजेड पसरवणारा दुधी कागद) लावायची, किंवा आधी चाचणी म्हणून ट्रेसिंग पेपरचा गोल कापून बाहेरून धरून बघायचा. रंग एकमेकांत मिसळतात, लांबचा झोत मात्र मरतो. कॅम्पसाठी, वाचायला, स्वयंपाकाला मी हेच करतो, लांब बघायच्या टॉर्चला करत नाही.

चार एलईडीवाल्या टॉर्चचं उत्तरही हेच आहे. चारही एलईडी थोडे वेगळे असले तरी दहा फुटांवर सरासरीच दिसते, हातभर अंतरावरून कागदावर बघून दोष काढू नका. ज्या टॉर्चमध्ये मुद्दाम वॉर्म आणि कूल असे दोन प्रकारचे एलईडी टाकून मधला रंग निवडता येतो, त्यांचा मधला उजेड गुलाबीकडे झुकतो. ती रंगाची रेघ वरच्या बाजूला फुगलेली कमान आहे, आणि दोन टोकांचं मिश्रण सरळ दोरीवर येतं, दोरी नेहमी कमानीच्या खाली. मला तर तो मधला रंग फार आवडतो.

पाचवी पायरी मोजमाप, इथून पुढे पैसे लागतात. ग्रुपमध्ये एकाने जरी ऑपल लाइट मास्टरसारखा छोटा मीटर घेतला तरी सगळ्यांचं काम होतं, तो मोबाइलला जोडून केल्विन आणि रंगाचे निर्देशांक देतो, त्यावरून डीयूव्ही निघतो. प्रयोगशाळेचं यंत्र नाही ते, पण दोन टॉर्चमधला फरक सांगायला पुरेसं आहे. मोजताना टॉर्च हायवर अर्धा मिनिट तापू द्या, अंतर सारखं ठेवा, आणि मीटर गोळ्याच्या मध्यावर धरा, काठावर धरला तर वेगळाच आकडा येईल. माझा हिशेब असा, डीयूव्ही प्लस ०.००३ च्या आत असेल तर हात लावत नाही, ०.००३ ते ०.००६ असेल तर फिल्टर, त्याच्या वर असेल आणि मालकाला खरंच खुपत असेल तरच एलईडी बदलायचा विचार. आणि टॉर्च वॉरंटीत असेल तर ह्या आकड्यांचा स्क्रीनशॉट विकणाऱ्याला पाठवा, पुढच्या पायऱ्या करू नका, कारण एकदा उघडला की वॉरंटी गेली.

सहावी, फिल्टर. ही माझी सगळ्यात आवडती पायरी, कारण बहुतेक हिरवट टॉर्च इथे सुधारतात आणि काहीच कापावं-जोडावं लागत नाही. नाटकाच्या लाइटवर लावतात तो रंगीत जिलेटिन पेपर, त्यात मायनस ग्रीन नावाचा फिकट गुलाबी प्रकार येतो. ली कंपनीच्या नंबरांत सांगायचं तर २७९ सगळ्यात हलका, मग २४९, मग २४८ आणि २४७ पूर्ण. टॉर्चला २७९ किंवा २४९ पुरतो, २४८ क्वचित, आणि २४७ लावला तर चेहरे लालबुंद. पूर्ण शीट आपल्याला नको असते, एका शीटमध्ये अख्ख्या ग्रुपचे टॉर्च होतात. ठाण्याला गडकरी रंगायतन किंवा वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोगांची लाइट करणारी मंडळी असतात, लग्नाचे व्हिडिओ शूट करणारे असतात, त्यांच्याकडे तुकडे पडलेले असतात, नीट विचारलं तर देतात. मला पहिला तुकडा असाच मिळाला, त्या काकांनी विचारलं, "कुठल्या नाटकाला पाहिजे?" मी टॉर्च दाखवला, त्यांनी भिंतीवर एकदाच मारून बघितला आणि म्हणाले, "हा तर हिरवा आहे रे, पाव घे, अर्धा नको." मीटर न लावता. पाव म्हणजे २४९, आणि तो अगदी बरोबर बसला.

काचेच्या मापाचा गोल कापा, आधी बाहेरून रबरबँडने लावून दोन-तीन दिवस वापरा. थोडा उजेड खातो, तो जाणारच. पसंत पडला तर काचेच्या आत टाकता येतो, पण फार ताकदीच्या टॉर्चमध्ये हायवर आतला पेपर सुरकुततो, तिथे बाहेरच्या कॅपमध्येच ठेवा. आत टाकताना ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी रिंग) परत नीट बसली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात आत वाफ धरेल.

सातवी, डोकं उघडणं. चौथं लक्षण असेल तर, म्हणजे आधी चांगला होता आणि मग तपकिरी झाला, तर इथवर यावं लागतं. सेल काढून बाहेर ठेवायचा, मग बेझल सोडवायची. आत बघायच्या गोष्टी दोन. एक, एलईडीभोवतीचं पांढरं प्लास्टिकचं कडं, ज्याला सेंटरिंग रिंग म्हणतात, ते सरकलंय का किंवा उष्णतेने पिवळं-तपकिरी झालंय का. सरकलं असेल तर गोळा वाकडा आणि रंग एका बाजूला झुकलेला, नीट बसवलं की ठीक. ही रिंग निरुपयोगी समजून फेकू नका, तिच्यामुळेच धातूचा रिफ्लेक्टर एलईडीच्या प्लस-मायनसला टेकत नाही. टेकला तर शॉर्ट, आणि मागे लिथियम सेल आहे.

दोन, एलईडीचा घुमट. तो मऊ सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला हवेतल्या वाफा शोषून घ्यायची सवय असते. कोणी आतली काच सुपरग्लूने चिकटवली, किंवा सोल्डर करून फ्लक्स न पुसता बंद केला, की त्याच्या वाफा बंद डब्यात कोंडतात, घुमटात शिरतात, आणि निळ्या उजेडाने आणि उष्णतेने तिथेच तपकिरी होतात. निळा अडतो, टॉर्च मळकट पिवळा होतो. माझ्याकडे आलेल्या अशा चारपैकी तीन टॉर्चमध्ये आत कोणीतरी सुपरग्लू लावलेला होता. ह्यात चांगली बातमी अशी की बऱ्याचदा हे उलटतं. गोंद खरवडून काढा, काच न लावता टॉर्च मिडियमवर रोज थोडा वेळ चालवा, वाफा निघून जातात आणि रंग परत येतो. डोळ्यात झोत जाऊ देऊ नका, भिंतीकडे तोंड करून ठेवा. घुमट बोटाने किंवा कापडाने चोळू नका, मऊ असतो, आतली बारीक तार तुटू शकते. धूळ असेल तर कॅमेऱ्याच्या ब्लोअरने उडवा. आठवड्याभरात फरक पडला नाही तर फॉस्फर किंवा चिपच गेली, मग एलईडी बदलणंच.

काही लोक घुमटच कापून काढतात, त्याला डीडोम म्हणतात. निचिया कंपनीच्या ५१९ए नावाच्या एलईडीवर हे फार केलं जातं, कारण घुमट गेला की काही निळा उजेड परत फॉस्फरमध्ये फेकला जातो, रंग अजून वॉर्म होतो आणि हिरव्याकडून गुलाबीकडे सरकतो. कूल एलईडी केल्विनमध्ये बराच खाली येतो, आधीच वॉर्म असलेला थोडासा. उजेड थोडा कमी होतो, झोत लांब जातो. मी हे करतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने टॉर्चमधल्या एकुलत्या एका एलईडीवर करू नये. प्रत्येक एलईडीवर जमतही नाही, काहींमध्ये घुमटाबरोबर फॉस्फर उचकटून येतो आणि खाली नुसती निळी चिप उरते.

आठवी आणि शेवटची, एलईडी बदलणं, आणि इथे मी स्पष्ट सांगतो की बहुतेकांनी थांबावं. एलईडी तांब्याच्या पट्टीवर बसलेला असतो, त्याचा मधला पॅड उष्णता खाली नेतो, तो खालून सोल्डर केलेला असतो, त्यामुळे साध्या सोल्डरिंग गनने वरून निघत नाही. पूर्ण पट्टी खालून तापवावी लागते, ६३/३७ सोल्डर १८३ अंशाला वितळतो, तिथे दोन-चार सेकंदांत एलईडी उचलायचा आणि नवीन बसवायचा. मधल्या पॅडखाली पोकळी राहिली तर उजेड लागतो, सगळं ठीक वाटतं, आणि हायवर काही मिनिटांत एलईडी निळा पडून जातो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे प्रीहीटर आणि हॉट एअर दोन्ही असतात, ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीला असा माणूस सहज मिळतो, त्याला हे काम पाच मिनिटांचं आहे. सुटे एलईडी शोधायला मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालतो, नाही मिळालं तर ऑनलाइन.

दुरुस्तीवाल्याकडे कधी जायचं, हे नेमकं सांगतो. डोकं चिकटवलेलं असेल आणि हाताने सुटत नसेल तर. सेल आत कायमचा बसवलेला असेल तर. पाण्याखाली वापरायचा डायव्हिंग टॉर्च असेल तर तो घरी उघडायचाच नाही, बनवणाऱ्याकडेच पाठवायचा. टॉर्च चालू करताना जळका वास आला, बॉडी लो मोडवरही हाताला चटका देत असेल, किंवा बंद असताना गरम राहत असेल, तर लगेच टेलकॅप सोडवा, सेल बाहेर काढून फरशीवर ठेवा आणि पुढे काही करू नका, तो टिंटचा प्रॉब्लेम नाही, शॉर्ट आहे. आणि मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल तर सातव्या पायरीच्या आधीच थांबा, जिलेटिन लावून वापरा, अजिबात वाईट नाही.

देताना एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून द्या, कारण दुरुस्तीवाल्याला टिंटमध्ये रस नसतो, त्याला फक्त पेटवायचा असतो. एलईडीचं माप, बहुतेक वेळा ३.५ बाय ३.५ मिलिमीटर. व्होल्टेज, कारण त्याच मापाच्या जवळपास ३ व्होल्टचे, ६ चे आणि १२ चेही येतात, आणि ३ च्या जागी ६ चा बसवला तर एका सेलवर तो पेटणारच नाही. आणि तिसरं, घुमटाला चिमटा लावायचा नाही, कडेनेच धरायचा. जोडीचे दोन टॉर्च असतील, नवरा-बायकोचे किंवा ट्रेकला पुढच्या आणि मागच्या लीडरचे, तर दोन्हींचे एलईडी एकाच वेळी, पॅकिंगच्या एकाच पट्टीतून कापलेले मागवा आणि एकाच बैठकीत बदलून घ्या. मी एकदा एकच बदलला, दुसऱ्यासाठी दोन महिन्यांनी त्याच नंबरचा मागवला, आणि परत पहिल्या लक्षणावर येऊन बसलो.